स्मृतीची परीक्षा की शाळेची?

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. गेली अठरा वर्षं न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, जॅक्सन हाइट्सला राहते. इथे साड्यांची आणि सोन्याची दुकानं संपली की दोन गल्ल्या सोडून इक्वेडोर, कोलंबिया, मेक्सिकोच्या लोकांच्या खानावळी सुरू होतात. वृद्धांच्या एका केंद्रात मी काम करते. तिथे येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांनीच मला स्पॅनिश शिकवलं. त्या मला ‘मिहा’ म्हणतात, म्हणजे ‘पोरी’.

त्यांच्यातल्या एका आजींची गोष्ट आधी सांगते. नाव लिहीत नाही, कारण त्यांची बदनामी एकदा झाली तेवढी पुरे झाली. वय चौऱ्याहत्तर. इक्वेडोरच्या डोंगराळ भागातल्या. शाळा जेमतेम दोन वर्षं, मग धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी. न्यूयॉर्कला आल्यावर बावीस वर्षं शिवणकामाच्या कारखान्यात काम केलं आणि हात चालेनात तेव्हा शेजारच्या नोकरदार बायकांची दोन मुलं सांभाळून स्वतःचा खर्च भागवत होत्या. एक दिवस त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि घडी घातलेला एक कागद त्यांनी पुढे सरकवला. दवाखान्यात वार्षिक तपासणीच्या वेळी त्यांची ‘स्मृतीची चाचणी’ झाली होती. गुण : तीसपैकी एकोणीस. खाली शेरा : स्मृतिदोषाची शक्यता.

त्या शेऱ्यामागोमाग काय काय झालं ते ऐका. मुलाने बँकेचं कार्ड काढून घेतलं, ‘तुझ्याच भल्यासाठी’. सुनेने गॅसची बटणं काढून ठेवली. शेजारणींना कुणकुण लागली आणि त्यांनी मुलं पाठवणं बंद केलं. आठवडाभरापूर्वी कमावती असलेली बाई एका आकड्याने घरातली अडगळ झाली.

चाचणीच्या वेळी दुभाषी होता का, असं मी विचारलं. होता. तेरा वर्षांचा नातू! आमच्या केंद्रात मी त्या पोराला शेजारी बसवलं आणि कोणता प्रश्न कसा विचारला, आजी काय म्हणाल्या, ते एकेक करून लिहून काढलं. तो हिशेब तुमच्यासमोर मांडते. माझं सगळं म्हणणं त्या हिशेबातच आहे.

तीस गुणांचा हिशेब

ही चाचणी १९७५ साली अमेरिकेत मार्शल फॉलस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. जगभर ती अजून वापरली जाते आणि सर्वसाधारणपणे चोवीसच्या खाली गुण आले की शंका घेतली जाते. तिच्या तीस गुणांची वाटणी अशी : तारीख, वार, ऋतू, ठिकाण यांना दहा. तीन शब्द ऐकून लगेच म्हणून दाखवायला तीन. तेच शब्द थोड्या वेळाने आठवायला तीन. शंभरातून सात-सात वजा करायला किंवा एक शब्द उलटा लिहितात तसा अक्षर-अक्षर सांगायला पाच. उरलेले नऊ भाषेचे. त्यात एक गुण वाचनाला, एक वाक्य लिहायला आणि एक एकमेकांत अडकलेल्या दोन पंचकोनांची नक्कल करायला.

आता बघा. वजाबाकीचे पाच, वाचनाचा एक, लेखनाचा एक आणि पंचकोनाचा एक मिळून आठ. जिने हातात पेन्सिल कधी धरली नाही तिचे हे आठ गुण परीक्षा सुरू होण्याआधीच धोक्यात असतात. आणि थोड्या वेळाने आठवून सांगणं, ज्याला आपण खरोखर ‘स्मृती’ म्हणतो, त्याला गुण किती? तीन. स्मृतीला तीन आणि शाळेला आठ!

आमच्या आजींचे अकरा गुण गेले. त्यातले आठ हेच. नववा गेला तो एका म्हणीवजा इंग्रजी वाक्यात. त्याचं नातवाने जे काही भाषांतर केलं ते त्यालाही पुन्हा सांगता आलं नाही. दहावा गेला ‘काउंटी कोणती’ या प्रश्नात. अकरावा ऋतूचा. बाहेर पाऊस पडत होता. आजी म्हणाल्या, ‘इन्व्हिएर्नो’. शब्दकोशात याचा अर्थ हिवाळा, पण इक्वेडोरमध्ये पावसाच्या दिवसांनाच इन्व्हिएर्नो म्हणतात. तिथे चार ऋतू नसतातच. आपल्या आजीला भर पावसात ऋतू विचारला आणि ती ‘पावसाळा’ म्हणाली, तर चार ऋतूंच्या देशात तेही चूकच ठरेल!

आणि ते तीन शब्द? तिन्ही शब्द आजींनी थोड्या वेळाने बिनचूक सांगितले होते. स्मृतीचे सगळे गुण मिळवलेल्या बाईच्या कागदावर ‘स्मृतिदोष’ लिहिला गेला.

त्या मला म्हणाल्या, “मिहा, त्यांनी जे विचारलं ते मला कुणी शिकवलंच नव्हतं. मला जे येतं ते त्यांनी विचारलं नाही.”

हे फक्त आमच्या दवाखान्यातच घडतं असं नाही. १९९३ साली अमेरिकेत याच चाचणीचे हजारो प्रौढांचे गुण वय आणि शिक्षणानुसार तपासले गेले. नऊ किंवा जास्त वर्षं शाळा शिकलेल्यांचा मध्यांक २९ आला, पाच ते आठ वर्षं शिकलेल्यांचा २६ आणि शून्य ते चार वर्षं शिकलेल्यांचा २२. म्हणजे शाळा न मिळालेल्यांतली मधली व्यक्तीसुद्धा चोवीसच्या रेषेखालीच. ही माहिती छापून येऊन तीस वर्षं उलटली. अज्ञान म्हणून माफ करण्याची मुदत संपली आहे.

भाषांतर केलं की झालं?

यावर डॉक्टर मंडळी सांगतात, ‘आता स्पॅनिश भाषांतर उपलब्ध आहे.’ भाषांतर हवंच. पण त्याने प्रश्न मिटतो का? त्यासाठी स्पेनमध्येच जाऊन बघू. तिथे आजी स्पॅनिश, डॉक्टर स्पॅनिश, दुभाष्याची गरज नाही.

स्पेनमध्ये आज ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरात असलेल्या बायका फ्रँकोच्या हुकूमशाहीत (१९३९ ते १९७५) वाढल्या. खेड्यापाड्यातल्या गरीब घरच्या कितीतरी मुलींची शाळा लहानपणीच सुटली आणि त्या शेतात किंवा शहरातल्या घरांत मोलकरणी म्हणून कामाला लागल्या. लग्न झालेल्या बाईला नोकरी धरायला, बँकेत खातं उघडायला नवऱ्याची संमती लागे. ‘पतीचा परवाना’ म्हणून ओळखली जाणारी ही अट कायद्यातून गेली ती मे १९७५ मध्ये. गंमत बघा, त्याच वर्षी अमेरिकेत ती तीस गुणांची चाचणी जन्माला आली. ज्या बाईला कायद्याने हिशेब ठेवू दिला नाही तिला आता हिशेब येत नाही म्हणून गुण कापायचे!

सारागोसाचे डॉक्टर आन्तोनियो लोबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली या चाचणीचं स्पॅनिश रूप केलं तेव्हा नुसतं भाषांतर केलं नाही. शंभरातून सात वजा करण्याऐवजी विचारलं, ‘तुमच्याकडे तीस पेसेता आहेत, मला तीन-तीन देत गेलात तर किती उरतील?’ म्हणजे वजाबाकी बाजारातली केली. पुढे ग्रानादाचे डॉक्टर क्रिस्तोबाल कार्नेरो पार्दो यांनी कागद-पेन्सिलच बाजूला ठेवली. त्यांच्या एका चाचणीत नाणी-नोटा ओळखायच्या, सुटे पैसे मोजायचे आणि मग कोणती नाणी होती ते आठवायचं. दुसरीत सहा रंगीत फोटो दाखवतात, मध्ये बायकांची आणि पुरुषांची आठवतील तेवढी नावं सांगायला लावतात आणि शेवटी फोटोत काय काय होतं ते विचारतात. काही मिनिटांचं काम, आणि निरक्षर बाईलाही ते देता येतं. मेक्सिकोत फेगी ओस्त्रोस्की यांनी ‘न्यूरोप्सी’ ही चाचणी केली तेव्हा अजिबात शाळा न शिकलेल्यांचे मापदंड वेगळे काढले. कोलंबियात आल्फ्रेदो आर्दिला, मोनिका रोसेली आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्येच दाखवून दिलं होतं की निरक्षर माणसाचा मेंदू निरोगी असूनही अशा चाचण्यांत त्याचे गुण कमी पडतात.

म्हणजे साधनं आहेत, आणि ती स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतच घडलेली आहेत. मग माझ्या आजींसमोर नातू आणि पंचकोन का ठेवले? कारण ‘स्पॅनिशभाषक म्हातारी’ या एका शिक्क्याखाली सगळ्यांना कोंबलं की काम सोपं होतं. तो शिक्काही एकदा उलटून बघायला हवा. आमच्या आजींची आईशी बोलायची भाषा स्पॅनिश नव्हतीच, ती किचवा होती. स्पॅनिश त्या दुसऱ्याच्या घरी भांडी घासताना शिकल्या.

दुसरी चूक, आणि ती माझी

इथवर वाचून तुमच्यापैकी काहीजणी म्हणतील, मग ही चाचणीच नको! मीही असंच म्हणत होते. आता म्हणत नाही. त्याचं कारण सांगायला मला लाज वाटते, पण सांगते.

पहिल्या आजींच्या प्रकरणानंतर वर्षभराने डोमिनिकन रिपब्लिकची एक बाई तिच्या आईबद्दल माझ्याशी बोलायला आली. आईने आयुष्यभर लोकांची घरं साफ केली, शाळा नाही. चाचणीत गुण कमी आले होते, पण डॉक्टर म्हणाले, ‘शिक्षण नाही, इंग्रजी नाही, त्यामुळे असं होणारच.’ लेक म्हणत होती, ‘आई एकाच डाळीत दोनदा मीठ घालते. रोजच्या दुकानातून घरी येताना थबकते.’ आणि मी? मी तिला माझं आठ गुणांचं व्याख्यान ऐकवलं. चाचणी बायकांच्या विरोधात आहे, घाबरू नकोस, असं सांगून तिला परत पाठवलं.

दोन वर्षांनी तिची आई एका बसस्थानकावर रात्री एकटी सापडली. तेव्हा नीट तपासणी झाली आणि तो आजार ‘सौम्य’ या शब्दाच्या पलीकडे गेलेला होता. लेकीने नोकरी सोडली.

मैत्रिणींनो, डॉक्टरांनी तिचं अशिक्षितपण सबब म्हणून वापरलं आणि मी ते घोषणा म्हणून वापरलं. त्या बाईकडे आम्ही दोघांनीही बघितलंच नाही.

सौम्य दोष म्हणजे काय ते इथे नीट समजून घ्यायला हवं. वयाच्या मानाने विसर जास्त आहे, पण रोजचे व्यवहार अजून जमतात, अशी ही मधली पायरी. तिच्यावरच्या सगळ्याच जणी डिमेन्शियापर्यंत जात नाहीत. काहीजणी तिथेच राहतात, काही पूर्ववतही होतात. थायरॉइड, बी-बाराची कमतरता, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणं यांनीही गुण घसरतात आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. म्हणून वेळेवर कळणं महत्त्वाचं. २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेलं लेकॅनेमॅबसारखं औषध तर अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यातच देतात. ते चमत्कार नाही. आजाराचा वेग थोडा मंदावतो आणि मेंदूत सूज व रक्तस्राव होण्याचा धोकाही असतो. घ्यायचं की नाही हे त्या बाईने ठरवायचं. पण ज्या बाईचं निदान उशिरा होतं तिला ठरवायची संधीच मिळत नाही.

काही चाचण्यांत ‘शिक्षण कमी असेल तर गुण वाढवून द्या’ अशी तोड काढली आहे. २००५ च्या माँट्रियल चाचणीत बारा किंवा त्याहून कमी वर्षं शिकलेल्यांना एक गुण जादा मिळतो. वा! बारावी झालेली आणि शाळेचं तोंडही न पाहिलेली, दोघींना सारखाच एक गुण! अशा खिरापतीने निरोगी बाईवरचा शिक्का पुसला जात नाही, आणि गुण सढळ हाताने वाढवले तर आजारी बाई निसटते. दान म्हणून दिलेले गुण आम्हाला नकोत. प्रश्नच बदला.

‘वस्तुनिष्ठ’ आकडा कुणाच्या हातात जातो?

अमेरिकेत पासष्ट ओलांडलेल्यांच्या सरकारी आरोग्य विम्यात २०११ पासून वार्षिक भेटीत बौद्धिक क्षमतेत घट आहे का हे बघणं समाविष्ट आहे. आणि त्याच देशातल्या प्रतिबंधक उपचारांच्या तज्ज्ञ गटाने २०२० साली सांगितलं की लक्षणं नसलेल्या सर्व वृद्धांची अशी चाळणी-तपासणी केल्याने फायदा जास्त की तोटा, हे ठरवण्याइतका पुरावा नाही. लेकीने तक्रार केली, बाईला स्वतःला शंका आली, तर तपासणी झालीच पाहिजे. पण कुणाची तक्रार नसताना सरसकट पाच मिनिटांत आकडा काढायचा आणि तो घरच्यांच्या हाती द्यायचा, याला मी आरोग्यसेवा म्हणणार नाही.

कारण तो आकडा दवाखान्यात राहत नाही, घरी जातो. आणि घरात सत्ता कुणाची असते हे आपल्याला सांगायला नको. पुरुषाला विसर पडला तर ‘कामाचा ताण’. बाईला पडला तर ‘कार्ड इकडे दे’. आणि खरोखर आजार निघाला तर तिला सांभाळणार कोण? लेक, सून किंवा पगारी दुसरी गरीब बाई. स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची उशापायथ्याची सेवा करायला लॅटिन अमेरिकेतून आलेल्या बायका आहेत आणि घरकामगार म्हणून त्यांना बेकारी भत्त्याचा हक्क मिळायला २०२२ साल उजाडावं लागलं. न्यूयॉर्कमध्येही तेच चित्र. आमच्या दोन्ही आजींच्या गोष्टीत तपासली गेलेली बाई, राबलेली बाई आणि नोकरी गमावलेली बाईच आहे.

आपल्याकडे वेगळं आहे का? भारतात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत शाळा न शिकलेल्या लोकांसाठी त्याच तीस गुणांच्या चाचणीचं हिंदी रूप करण्यात आलं, ते १९९५ साली प्रसिद्ध झालं. त्यात वाक्य लिहायला लावण्याऐवजी ‘तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा’ असं विचारलं. किती साधी गोष्ट! म्हणजे हे आपल्याकडेही सुचलेलं आहे. पण सातबाऱ्यावर नाव लागलेल्या विधवेची ‘डोकं ठिकाणावर नाही’ अशी हाकाटी करून अंगठा घेणारे दीर आणि मुलगे आपण पाहिले आहेत. उद्या त्यांच्या हाती ‘तीसपैकी एकोणीस’चा कागद आला तर? आपल्या मेळाव्यांत हुंडा, मारहाण, पोटगी यांवर आपण बोललो. सत्तरीच्या बाईचं डोकं आणि तिची सही यावर किती वेळा बोललो?

आमच्या मागण्या

इथल्या केंद्रातल्या बायकांबरोबर बसून आम्ही काही मागण्या लिहून काढल्या. तुमच्यासमोर ठेवते.

१. चाचणी बाईच्या बोलण्याच्या भाषेत व्हावी. नातवंडांना दुभाषी करू नये. अमेरिकेत २०१६ च्या नियमांनी तातडीचा प्रसंग सोडला तर अल्पवयीन मुलांकडून दुभाष्याचं काम करून घ्यायला मनाई केली. तो नियम दवाखान्याच्या भिंतीवर स्पॅनिशमध्ये लावा.

२. शाळा किती वर्षं, कसली, हे आधी विचारा. तिच्यासारख्याच शिक्षणाच्या निरोगी बायकांशी तिची तुलना करा. पदवीधर पुरुषाशी नको.

३. वाचता-लिहिता न येणाऱ्यांसाठी तयार झालेली साधनं वापरा. ती आहेत.

४. एका आकड्यावरून निदान नको. कान, डोळे, रक्त, मन आणि औषधं तपासा, आणि रोजच्या जगण्यात काय बदललं ते तिला आणि तिच्याबरोबर राहणाऱ्या बाईला विचारा. लेकीचं म्हणणं हा पुरावा आहे, कटकट नव्हे.

५. चाचणी कशासाठी, ती नाकारता येते का, कागद कुणाला दाखवणार, हे आधी सांगा. आकडा प्रथम तिच्या हातात द्या, मुलाच्या नव्हे.

६. पुढची तपासणी, उपचार आणि सांभाळणाऱ्या बाईसाठी मदत यांची सोय नसेल तर चाळणी लावू नका.

आमच्या पहिल्या आजींची चार महिन्यांनी दुसरीकडे, स्पॅनिश बोलणाऱ्या मानसतज्ज्ञ बाईंकडे, दोन तास तपासणी झाली. दोष नाही, असं त्यांनी लिहून दिलं. बँकेचं कार्ड परत मिळालं. शेजारची मुलं परत आली नाहीत. दुसऱ्या आजी आता लेकीला ओळखतात, पण रोज ओळखतातच असं नाही. त्या लेकीची मी माफी मागितली. ती म्हणाली, “तुम्ही निदान ऐकून तरी घेतलं.” तेवढं पुरेसं नव्हतं, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.

तुमच्या गटात सत्तरीच्या पुढच्या किती जणी आहेत? पुढच्या बैठकीत त्यांना मध्ये बसवा. तुमची अशी चाचणी कुणी घेतली का, कोणत्या भाषेत घेतली, कागद कुणाच्या हातात दिला, हे विचारा. आणि त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत आम्हाला लिहून पाठवा.